निसर्गचित्र रंगवणाऱ्या चित्रकाराचे फोटो: कुठे उभं राहायचं, काय मोजायचं

प्रश्न असा आहे: उघड्यावर निसर्गचित्र रंगवणाऱ्या चित्रकारांचे फोटो काढले की कागद पांढराफट्ट उडतो, टोपीखालचा चेहरा काळा पडतो, मागचे डोंगर चिमुकले होतात आणि चित्रातले रंग फोटोत भलतेच दिसतात. यासाठी कुठली लेन्स घ्यावी?

लेन्स सगळ्यात शेवटी ठरवा. या चारपैकी तीन तक्रारी तुम्ही कुठे उभे राहता आणि सूर्य कुठे आहे यावरून उद्भवतात, आणि चौथी व्हाइट बॅलन्सची, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्याने रंग जुळवून घेण्याची आहे. फ्रेममध्ये तीन गोष्टी असतात: चित्रकार, त्याचं चित्र आणि समोरचं दृश्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रकाशात. त्यातल्या कुठल्या दोन गोष्टींचं नातं दाखवायचं हे प्रत्येक फोटोपुरतं आधी ठरवा. तिन्ही एकाच फ्रेममध्ये नीट बसवणं जमतं, पण त्याला जागा थोडी मोजून घ्यावी लागते.

आधी डोंगर चिमुकले का होतात ते बघू. लोक मोबाइल किंवा २४ मिमीची लेन्स घेऊन चित्राच्या अगदी जवळ जातात, कागद फ्रेममध्ये मोठा घेतात आणि मागचं दृश्य पार आकसून जातं. दोष वाइड लेन्सवर ढकलला जातो, पण खरं कारण अंतर आहे. चित्र आणि दृश्य यांच्या आकारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण फक्त कॅमेरा चित्रापासून किती लांब आहे यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातला किती भाग घ्यायचा ते ठरवते. चित्रकाराने समोरचा साधारण ३०° रुंदीचा देखावा ३८ सेमी रुंद कागदावर उतरवला असेल, तर कॅमेरा कागदापासून ७० सेमीवर असताना चित्र आणि देखावा सारख्याच आकाराचे दिसतील. उभ्याने काम करणाऱ्याचा डोळा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. ४० सेमीपर्यंत पुढे गेलात तर तोच कागद ५०° व्यापतो आणि मागचा डोंगर त्याच्यापुढे खेळण्यातला वाटतो. मागे येऊन दीड मीटरवर उभे राहिलात तर कागद १४° इतकाच उरतो, म्हणजे देखावा चित्राच्या दुप्पट दिसतो. बहुतेक चांगले फोटो या ७० सेमी ते दीड मीटरच्या पट्ट्यात निघतात.

चित्रकाराने किती अंशांचा देखावा निवडला आहे हे मोजायला उपकरण लागत नाही. हात सरळ ताणून धरलेली मूठ सुमारे १०° झाकते, पंजा पूर्ण पसरला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत सुमारे २०°. चित्राच्या डाव्या कडेला असलेलं झाड आणि उजव्या कडेला असलेलं घर यांच्यात किती मुठी बसतात ते बघा. दोनच मुठी बसल्या, म्हणजे चित्रकाराने दूरचा छोटा तुकडा उचलून मोठा केला आहे. मग ३८ सेमीच्या कागदासाठी जुळणारं अंतर एकदम १ मीटरच्या पुढे जातं. साडेचार मुठी बसल्या तर ते अर्ध्या मीटरच्या आत येतं आणि तिथे चित्रकार स्वतःच उभा असतो. तेव्हा जुळवण्याचा नाद सोडावा. चित्रकार झाडं सरकवतात, विजेचे खांब गाळतात, डोंगर उंच करतात. तंतोतंत जुळणारी फ्रेम मिळाली नाही म्हणून काही बिघडत नाही. उलट हा फरक दिसला की फोटो बघणारा दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहतो.

उंचीही महत्त्वाची. कॅमेरा चित्रकाराच्या डोळ्याच्या पातळीवर ठेवा: बसलेला असेल तर जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटर, उभा असेल तर दीड मीटरच्या आसपास. त्याहून खाली गेलात की इझल (चित्र टेकवायचा स्टँड) देखाव्याला झाकतं. जलरंगवाल्यांची अडचण वेगळी. बोर्ड जेमतेम १५ ते ३० अंश तिरका असतो, कधी मांडीवर जवळजवळ आडवा. डोळ्याच्या पातळीवरून तो कागद चपटा पट्टा दिसतो. अशा वेळी कॅमेरा मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) चढवून दोन ते सव्वादोन मीटरवर न्या, स्क्रीन खाली वळवा आणि चित्रकाराच्या मागून खाली बघत फ्रेम घ्या. देखावा फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात येतो, कागद मध्ये आणि पॅलेट व पाण्याचं भांडं खाली. मोनोपॉड हलतो, त्यामुळे शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवू नका. तो ओल्या वॉशवर (पाणीदार रंगाच्या पातळ थरावर) टेकला तर पुन्हा तिथे बोलावणं येणार नाही.

आता लेन्स. खांद्यावरून घ्यायच्या फ्रेमला, कागदापासून १.२ ते १.५ मीटरवरून, फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ ते ३५ मिमी बरोबर बसते. २४ मिमीने कडेचा हात आणि डोकं ताणल्यासारखं दिसतं. चित्रकार उजव्या हाताने रंगवत असेल तर त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे राहा, नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये कोपर कागदावर येतं. फोकसची आकडेमोड अशी: २८ मिमी, एफ/११ (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस २.४ मीटरवर ठेवला तर १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. ३५ मिमीने तेवढंच साधायला एफ/१६ लागतो. पण ‘चालण्याजोगं’ हा शब्द लक्षात ठेवा, मोठ्या प्रिंटमध्ये दोन्ही टोकं किंचित मऊ दिसतात. माझा कल वेगळा आहे. एफ/८ ठेवा आणि फोकस थेट कागदावर, ताज्या फटकाऱ्यावर घ्या. डोंगर थोडा मऊ झाला तरी त्याचा आकार ओळखू येतो आणि नजर ते खपवून घेते. कागदावरचं ब्रशचं काम मऊ झालं तर फोटो फुकट गेला.

बाजूने घेतलेली फ्रेम लोक कमी वापरतात, खरं तर सुरुवात तिथूनच करावी. चित्रकाराच्या शेजारून, त्याच्या नजरेला काटकोनात उभं राहिलं की डोळा, ब्रशचं टोक आणि कागद तिन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात. ८५ मिमी, एफ/४, दोन मीटरवर फोकसची खोली सुमारे १३ सेमी असते. समोरून घेताना ब्रशचं टोक आणि डोळा यांच्यात अर्धा मीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्हीपैकी एकच स्पष्ट येणार. बाजूने तेवढ्याच अ‍ॅपर्चरमध्ये दोन्ही येतात आणि पार्श्वभूमी पुसट होते. तडजोड अशी की कागद कडेने दिसतो, चित्र दिसत नाही. म्हणून काटकोनापासून वीस-तीस अंश मागे सरका: चेहरा अजून बाजूने दिसतो आणि चित्रही तिरकं उघडतं. साधारण १८८५ मध्ये अमेरिकन चित्रकार सार्जंटने रानाच्या कडेला बसून रंगवणाऱ्या मोनेचं चित्र काढलं, त्यात अशीच बाजूची मांडणी आहे. अमेरिकन चित्रकार विन्सलो होमरने १८६८ मध्ये छत्र्यांखाली ओळीने बसलेले चित्रकार पाठीमागून रंगवले. गटाने काम करणाऱ्यांचे फोटो काढणाऱ्याने ते चित्र जरूर बघावं: एकच आकार लहान लहान होत मागे जातो, एवढ्यावरच सगळी रचना उभी आहे. फोटोत हा परिणाम १३५ ते २०० मिमीने, ओळीच्या टोकाला उभं राहून मिळतो.

फोकससाठी डोळा ओळखणारी सोय बंद ठेवणं मी पसंत करतो. टोपीची कड, चष्म्याची काच आणि खाली झुकलेलं डोकं यामुळे ती गोंधळते, आणि बऱ्याच फ्रेममध्ये महत्त्वाची जागा ब्रशचं टोक ही असते. एकच फोकस बिंदू निवडा, तो ब्रश जिथे टेकणार आहे त्या जागी ठेवा आणि हात तिथे यायची वाट बघा.

शटरचं म्हणाल तर रंगवणारा हात गोठवायला १/२५० पुरतो. ब्रश झटकून शिंतोडे उडवताना १/१००० लागतो. उलट हाताची हालचाल दाखवायची असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, १/१५ ते १/३०. हात धूसर, कागद आणि चेहरा स्थिर. हे रुंद फटकाऱ्यांच्या वेळी जमतं. बारीक कामाच्या वेळी हात इतका कमी हलतो की फोटो नुसता हललेला वाटतो.

प्रकाशाकडे वळू. चित्रकार समोरच्या देखाव्याकडे तोंड करून असतो आणि कागद त्याच्याकडे तोंड करून. एवढ्यावरून सगळं गणित निघतं. सूर्य चित्रकाराच्या पाठीशी असेल तर ऊन कागदावर आणि देखाव्यावरही पडतं. मागून फोटो घेणाऱ्याला सगळं एकाच प्रकाशात मिळतं, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) सोपं. पण देखावा सपाट दिसतो आणि कागदावर चित्रकाराची किंवा तुमची सावली पडते. सूर्य समोर असेल तर कागद सावलीत जातो, चेहऱ्यावर ऊन येतं आणि देखावा मागून उजळलेला. बरेच अनुभवी चित्रकार कागद मुद्दाम सावलीत ठेवतात, कारण उन्हातल्या पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात आणि मिसळलेले रंग खोलीत नेल्यावर काळपट निघतात. म्हणजे सावलीतला कागद आणि उन्हातला देखावा ही जोडी तुम्हाला नेहमीच भेटणार.

ती वाटते तितकी अवघड नाही. मोकळी सावली उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप कमी असते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पण कोरा कागद उन्हातल्या गवतापेक्षा दोन-सव्वादोन स्टॉप जास्त प्रकाश परतवतो. वजाबाकी केली तर सावलीतला कोरा कागद उन्हातल्या गवताच्या जवळपासच येतो, जेमतेम एक स्टॉप खाली. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात ही फ्रेम एकाच एक्स्पोजरमध्ये आरामात बसते. चित्र भरत जातं तसा कागद गडद होतो आणि दरी वाढते. खांद्यावरून घ्यायच्या रुंद फ्रेम पहिल्या अर्ध्या तासात उरकून घ्याव्यात याचं हे एक कारण.

कागद थेट उन्हात असेल तर उलटी काळजी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८, १/४०० हे भर उन्हाचं ठरलेलं एक्स्पोजर, त्यात कोरा कागद पांढरा पडतो पण पोत जेमतेम टिकतो. तिथून वर जायला जागा नाही. स्पॉट मीटरने (फ्रेममधल्या एका छोट्या जागेचाच प्रकाश मोजणाऱ्या सोयीने) कागद मोजत असाल तर मीटर दाखवतो त्याहून दीड ते दोन स्टॉप जास्त द्या. मीटरचं तसंच ऐकलं तर कागद करडा येईल. टोपीखालचा चेहरा या एक्स्पोजरमध्ये अडीच-तीन स्टॉप खाली राहतो. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) सावल्या दोन स्टॉप उचलल्या तरी चालतं, पण उडालेला कागद कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराच्या वाटपाचा आलेख) बघाल तो तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि कॅडमियम लाल किंवा पिवळ्याचा एकच चॅनल भिंतीला टेकलेला असतो. मग चित्रातला तो रंग फोटोत सपाट डाग होऊन बसतो.

एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा, यावर मी अडून बसेन. ऑटोमध्ये कोऱ्या कागदाच्या वेळी कॅमेरा फोटो गडद करतो आणि तासाभराने कागद भरल्यावर तोच कॅमेरा फोटो उजळ करतो. एकाच चित्राचे टप्पे शेजारी ठेवले की आकाश प्रत्येक फोटोत वेगळं दिसतं. ढगाळ दिवशी दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि ढगातून ऊन आत-बाहेर करत असेल तेव्हा प्रत्येक बदलानंतर एक्स्पोजर पुन्हा लावा.

चेहरा उजळण्यासाठी फ्लॅश नको. ओल्या रंगावर त्याची चमक उठते आणि चित्रकाराची नजर बिघडते. रिफ्लेक्टर लागलाच तर पांढरा, ६० ते ८० सेमीचा, आणि विचारून. त्याचा उजेड कागदावर गेला की चित्रकाराला रंग वेगळे दिसतात. वाऱ्यात तो इझलवर जाऊन आपटतो ते निराळंच. फुकटचा रिफ्लेक्टर मात्र तिथेच असतो: उन्हातला कोरा कागद खालून चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतो. टोपीखालच्या चेहऱ्याचे चांगले फोटो म्हणून रेखाटन चालू असताना मिळतात, कागद पांढरा असतो तोवरच.

रंग भलतेच का येतात? ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेममध्ये काय भरलं आहे ते बघून स्वतःला बदलतो. हिरवळ जास्त आली की फोटो जांभळट, वाळकं गवत आलं की निळसर. केल्व्हिनमध्ये (प्रकाशाच्या रंगाच्या एककात) आकडा द्या: ऊन ५२०० ते ५५००, मोकळी सावली ७००० ते ८०००. झाडाखाली पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, तिथे टिंट (हिरवा-जांभळट तोल) मॅजेंटाकडे न्यावा लागतो. करडं कार्ड (नंतर रंग जुळवण्यासाठी वापरायचा तटस्थ करडा पुठ्ठा) चित्राच्या शेजारी, चित्राइतक्याच तिरक्या कोनात धरून एक फ्रेम घ्या. छत्री सरकली किंवा जागा बदलली की पुन्हा घ्या. रंगीत छत्रीखाली हे अनिवार्यच आहे, कारण लाल कापडाखाली चेहरा, कागद आणि पॅलेट तिन्ही लालसर असतात. तुमच्या कपड्यांचंही तेच. चित्रापासून मीटरभरावर भडक शर्ट घालून उभे राहिलात तर त्याचा रंग कागदावर उतरतो, आणि ते आधी चित्रकाराच्या लक्षात येतं, मग तुमच्या. करडे किंवा काळे कपडे घाला.

चित्र सावलीत, देखावा उन्हात, तर एकच व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही. देखाव्याला धरलं तर कागद निळा, कागदाला धरलं तर देखावा पिवळा. ६००० च्या आसपास मधला आकडा घ्या आणि नंतर संगणकावर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) कागदाचा भाग थोडा उबदार करा. पूर्ण पांढरा करू नका, सावलीत ठेवलेला कागद किंचित थंडच दिसायला हवा.

पोलरायझर हवा की नको? हवा, पण डोकं लावून. तैलरंगाच्या ओल्या थरावरची आणि जलरंगाच्या वॉशवरची चकाकी तो कापतो, विशेषतः पृष्ठभागाच्या लंबापासून ५५° च्या आसपासच्या कोनात. बदल्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो आणि २८ मिमीहून रुंद लेन्सवर आकाशात एका बाजूला गडद पट्टा आणतो. जलरंगात ती चकाकी म्हणजे कागद अजून ओला आहे याची खूण असते. वॉश पसरतानाच्या फोटोत ती ठेवा, रंग दाखवायच्या फोटोत काढा. एकाच जागेवरून फिल्टर फिरवून दोन्ही घेता येतात.

यापुढचा भाग तंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे: चित्र कसं घडतं हे माहीत असल्याशिवाय कॅमेरा वेळेवर वर येत नाही. जलरंगात पेन्सिलचं रेखाटन पाच-दहा मिनिटांत आटपतं. मग आकाशाचा पहिला वॉश येतो, तो एका दमात, कागद ओला असेपर्यंतच. रुंद ब्रश, बोर्ड उचलून तिरका करणं, रंग वाहू देणं, टिश्यूने ढग टिपून घेणं, हे सगळं काही मिनिटांत संपतं आणि त्या चित्रात पुन्हा घडत नाही. या वेळी लेन्स बदलत बसलात तर गेलं. त्यानंतर वाळायची वाट, तेव्हा चित्रकार मोकळा असतो. बोलायला, पॅलेटचे आणि ब्रशचे जवळचे फोटो घ्यायला हीच वेळ. मग मधल्या छटा, आणि शेवटी गडद रंग: झाडाखालची सावली, खिडक्या, माणसांचे छोटे आकार. चित्र ‘उभं राहतं’ ते या गडद रंगांनी, त्यामुळे टप्प्यांच्या मालिकेत त्यांच्या आधीची आणि नंतरची फ्रेम असलीच पाहिजे. मास्किंग टेप सोलून पांढरी कड उघडी पडते तो क्षण सगळ्यांना आवडतो, तो एकदाच येतो. टेपचं टोक नखाने उचललेलं दिसलं की तयार राहा.

तैलरंगात गती वेगळी. आधी पातळ रंगाने मोठे आकार ढोबळ भरले जातात, मग जाड थर. चित्रकार दर काही मिनिटांनी दोन-तीन मीटर मागे येऊन डोळे बारीक करून बघतो. ही फ्रेम सुंदर असते, पण त्याच्या मागे येण्याच्या वाटेत तुम्ही किंवा तुमच्या ट्रायपॉडचे पाय नकोत. पहिल्या दहा मिनिटांत त्याची ये-जा कुठून होते ते बघून घ्या. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळतो, म्हणून पॅलेटवर पाण्याचा फवारा मारत राहतात; मागून ऊन असेल तर तो फवारा १/१००० ला छान दिसतो.

सूर्याचं सरकणं विसरू नका. तासाला १५° या वेगाने दोन तासांच्या बैठकीत तो ३०° सरकतो. अनुभवी चित्रकार सुरुवातीलाच सावल्यांचे आकार कागदावर पक्के करून ठेवतो आणि पुढे समोर काहीही झालं तरी त्यांनाच धरून राहतो. त्यामुळे शेवटी पूर्ण झालेलं चित्र देखाव्यासमोर धरून फोटो काढाल तर सावल्या चुकीच्या दिशेला पडलेल्या दिसतील. उपाय सोपा: सावल्या रेखाटल्या जात असताना, चित्रकार क्षणभर बाजूला झाला की त्याच्या डोळ्याच्या जागेवरून नुसत्या देखाव्याची एक फ्रेम घ्या. नंतर चित्राशेजारी हीच फ्रेम ठेवायची. चित्रकारालाही ती घरी काम पुरं करताना उपयोगी पडते, आणि फोटो पाठवण्याचं चांगलं निमित्त होतं.

टाइमलॅप्स करायचा असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, रंगवणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, वरून खाली बघणारा. दर ५ सेकंदांना एक फ्रेम घेतली तर दोन तासांत १४४० फ्रेम होतात, सेकंदाला २४ च्या हिशेबाने बरोबर एक मिनिट. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग अडकवा, आणि इझलच्या पायांना कॅमेऱ्याचा पाय टेकू देऊ नका, प्रत्येक फटकाऱ्याचा धक्का फ्रेममध्ये येतो.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: जवळ न जाता दीड मीटरवरून २x वापरा, फोकस आणि एक्स्पोजर कागदावर बोट दाबून लॉक करा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. पोर्ट्रेट मोड टाळा. ब्रशचे केस, इझलचे पाय आणि टोपीची कड तो पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो.

वागण्याबद्दल. सुरू होण्याआधी परवानगी विचारा, रंग ओला असताना नाही. देखाव्याच्या बाजूला जाऊन समोरून फोटो घ्यायचा असेल तर सांगून जा, मिनिटभरात परत या आणि चित्रकार ज्या भागावर काम करतोय तिथे उभे राहू नका. शटर शांत मोडवर. खांद्यामागे सतत उभं राहिलेलं माणूस भल्याभल्यांचा हात अडखळवतं. दहा मिनिटं काम, मग लांब जाऊन लांब लेन्स. ‘जरा असा ब्रश धरा’ म्हटलं की हात खोटा दिसतो, ते टाळाच. अर्धवट चित्राचा फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये, कारण मधल्या टप्प्यात प्रत्येक चित्र वाईट दिसतं. आणि फोटो तुमचा असला तरी त्यातलं चित्र तुमचं होत नाही; चित्राचा सरळ समोरून घेतलेला फोटो छापायचा किंवा विकायचा तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या.

फिक्सेटिव्हचा (रेखाटन पक्कं करणाऱ्या द्रावाचा) किंवा वॉर्निशचा फवारा चालू असेल तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहा, लेन्सवर बसलेला तो थर सहज निघत नाही. जलरंगाचा शिंतोडा पडला तर आधी ब्लोअरने कण उडवा आणि मग कापडाला थेंबभर लेन्स क्लीनर लावून टिपा. तैलरंग कोरड्या कापडाने घासलात तर तो पसरतो.

पूर्ण झालेल्या चित्राचा नोंदीसाठी फोटो हे वेगळं काम आहे, ते जागेवरच करून घ्यावं. चित्र मोकळ्या सावलीत उभं करा, थेट उन्हात कागदाचा खडबडीतपणा रंगापेक्षा जास्त दिसतो. लेन्सचा मध्य चित्राच्या मध्याच्या उंचीवर, सेन्सर चित्राला समांतर. चित्राच्या मध्यावर छोटा आरसा सपाट टेकवला आणि त्यात तुमच्या लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं की समांतर झालं. ओल्या तैलरंगाच्या चित्रावर आरसा टेकवू नका, तिथे चारही कडा व्ह्यूफाइंडरच्या ग्रिडशी जुळवा. ५० मिमीने ३८ सेमीचं चित्र घ्यायला साठ-पासष्ट सेमीवर जावं लागतं आणि तुमचीच सावली पडते. १०० मिमीने साधारण सव्वा मीटर मिळतं. एफ/८, करडं कार्ड, ट्रायपॉड. ओल्या तैलरंगात आकाशाचा निळा लकाका उठत असेल तर चित्र असं वळवा की त्याच्या समोर, म्हणजे तुमच्या पाठीशी, आकाशाऐवजी गडद झाडी किंवा भिंत येईल.

निघण्यापूर्वी चित्रकाराचं नाव, माध्यम, कागदाचा किंवा कॅनव्हासचा आकार, जागा आणि सुरुवातीची व शेवटची वेळ लिहून घ्या. फाइलमधली वेळ कामी येते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तरच. दोन कॅमेरे वापरत असाल तर दोन्हींची घड्याळं सुरुवातीला जुळवून घ्या, नाहीतर टप्प्यांची मालिका लावताना पहिला वॉश गडद रंगांच्या नंतर येऊन बसेल.